घराची गोधडी

याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात एक लहानसा प्रसंग सांगितला आहे. मंडळीतील एका गरीब भावाच्या किंवा बहिणीच्या अंगावर पुरेसे वस्त्र नाही, घरात दाणा नाही. आणि दुसरा कोणी त्यांना चार गोड शब्द बोलून वाटेला लावतो. पोट भरू दे म्हणतो, अंगाला ऊब येऊ दे म्हणतो, देत मात्र काहीच नाही (याकोब २:१५-१६). या वचनांवर आपण पुष्कळ उपदेश ऐकले आहेत. बहुतेक उपदेश अन्नाकडे वळतात, आणि त्यात काही चूक नाही. परंतु याकोबाने अन्नाबरोबर उबेचेही नाव घेतले आहे, त्याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. आपल्या मंडळ्या बहुतेक उष्ण मुलखात वसलेल्या आहेत. ग्वाल्हेरकडील जानेवारी सोडला, तर छपराखाली, चार भिंतींच्या आत राहूनही माणूस थंडीने खंगतो, ही गोष्ट आपल्याला पुस्तकातली वाटते.

वस्तुतः शास्त्रात ऊब ही किरकोळ बाब नाही. पौल बंदिवासातून तीमथ्याला शेवटचे पत्र लिहितो. त्यात विश्वास राखल्याच्या आणि धाव संपवल्याच्या थोर गोष्टींच्या शेजारीच त्रोवसात राहून गेलेल्या झग्याची आठवण आहे, आणि हिवाळ्यापूर्वी येऊन पोहोच अशी विनंती आहे (२ तीमथ्य ४:१३, २१). प्रेषितालाही थंडी वाजत होती, आणि ते लिहिण्यात त्याला कमीपणा वाटला नाही.

हा विषय माझ्या मनात घोळू लागला तो न्यूझीलंडमधील एका अभ्यासाची हकिगत वाचल्यामुळे. त्या देशातील जुनी घरे बहुतेक लाकडी आहेत. जमिनीपासून हात-दीड हात उंच खुंटांवर ती उभी असतात, आणि तक्तपोशीच्या खालून वारा खेळत असतो. नवीन घर बांधताना उष्णता अडवणारा थर घातलाच पाहिजे, असा नियम तेथे १९७८ साली आला. त्याआधीची घरे होती तशीच राहिली. वेलिंग्टन येथील प्राध्यापिका फिलिपा हाउडन-चॅपमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ आणि २००२ या दोन हिवाळ्यांत कमी उत्पन्नाच्या सात वस्त्यांतील १,३५० कुटुंबांची पाहणी केली. प्रत्येक घरात निदान एका माणसाला श्वासाचा जुनाट विकार होता. चिठ्ठ्या टाकाव्यात त्या रीतीने निवडून निम्मी घरे पहिल्या हिवाळ्यानंतर दुरुस्त केली. उरलेली निम्मी, तुलना पुरी झाल्यावर. कोणालाही थंडीत सोडून पाहणी करणारे निघून गेले नाहीत, एवढी गोष्ट मला फार आवडली.

दुरुस्ती म्हणजे काय केले? छताच्या वर माळ्यावर जाड थर अंथरला. दारे-खिडक्यांच्या फटी बुजवल्या. तक्तपोशीच्या खालून चकचकीत मुलाम्याचा जाड कागद ठोकला. घराखालच्या उघड्या जमिनीवर मेणकापड अंथरावे तसे प्लॅस्टिक पसरले, म्हणजे जमिनीची ओल वर येऊ नये. बस्स, इतकेच. नवी शेगडी दिली नाही, नवे घर दिले नाही.

आपल्या घरातील गोधडी ज्यांनी शिवताना पाहिली आहे त्यांना यातील शास्त्र समजावून सांगण्याची गरज नाही. गोधडी स्वतः काही गरम नसते. जुन्या लुगड्यांचे, धोतरांचे थर एकावर एक ठेवून आजी टाके घालते, आणि त्या थरांमध्ये हवा अडकून पडते. अडकलेली, न हलणारी हवा उष्णतेला सहजासहजी बाहेर जाऊ देत नाही. ऊब अंगाचीच असते. गोधडी ती फक्त राखते. माळ्यावर अंथरलेला थरही तेच करतो, आणि गोधडीसारखाच तो जुन्यावर चढवायचा असतो. रविवारच्या शाळेच्या शिक्षकांनी वर्गात करून पाहावे. तीन सारखे डबे गरम पाण्याने भरावेत. एक उघडा ठेवावा, दुसऱ्याला कोरडे लोकरीचे कापड गुंडाळावे, तिसऱ्याला तेच कापड ओले करून. वर्ग संपता संपता मुलांना डब्यांतले पाणी तपासू द्यावे. ओल्या कापडाची गोष्ट पुढे येणार आहे, म्हणून तो तिसरा डबा विसरू नये.

या पाहणीचा निष्कर्ष २००७ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. दुरुस्त घरांतील निजायच्या खोल्या सरासरीने केवळ अर्ध्या अंशाने अधिक उबदार झाल्या होत्या. पारा दहा अंशांच्या खाली राहण्याचा काळ मात्र दिवसाकाठी सुमारे पावणेदोन तासांनी घटला, आणि हवेतील दमटपणा थोडा उतरला. वीज व इंधन यांचा खर्च दुरुस्ती न झालेल्या घरांच्या ८१ टक्के इतका भरला. छातीत घरघर होण्याच्या तक्रारी स्पष्टपणे कमी झाल्या. मुलांच्या शाळा कमी बुडाल्या, मोठ्यांचे कामाचे दिवस कमी बुडाले. अर्ध्या अंशाने इतके होते, हे मला प्रथम खरे वाटले नाही. पण ज्याला दमा आहे त्याच्या घरी रात्र काढलेल्या माणसाला कदाचित वाटेल.

पुढे २००९ ते २०१३ या काळात त्या देशाच्या सरकारने याच धर्तीवर दोन लाखांहून अधिक जुन्या घरांना साहाय्य दिले. मग अर्थशास्त्रज्ञ हिशेब करायला बसले, आणि येथेच आपला खरा प्रश्न उभा राहतो. मोठ्या प्रमाणावर पाहता विजेची बचत अगदीच थोडी निघाली. खर्चाच्या सुमारे चौपट लाभ झाला असा हिशेब निघाला खरा, पण त्यातील बहुतेक भाग आरोग्याचा होता. ज्या वहीत फक्त इंधनाची बचत मांडायची, त्या वहीत पाहिले तर योजना जवळजवळ फसलीच म्हणावी लागेल.

बचत गेली कोठे? ती लोकांच्या अंगात गेली. जी म्हातारी बाई थंडीच्या दिवसांत अंगावर तीन कपडे चढवून एकाच खोलीत बसून राहत असे, तिने दुरुस्तीनंतर तेवढेच पैसे खर्च करून खोली उबदार ठेवली. आधी तेवढ्या पैशांत बारा अंश मिळत होते, आता सोळा मिळाले. तिच्या बिलात फरक नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली घरातील किमान तापमान अठरा अंश असावे असे सुचविले आहे. तेथवर ती अजून पोहोचलेलीही नाही. आता बचतीच्या हिशेबनिसाने तिच्या नावासमोर काय लिहावे?

हा प्रश्न नवा नाही. इंग्लंडमध्ये विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स याने १८६५ साली दगडी कोळशावर एक ग्रंथ लिहिला. वाफेचे यंत्र सुधारले, कमी कोळशात अधिक काम होऊ लागले. लोकांना वाटले, आता कोळसा शिल्लक राहील. जेव्हन्सने दाखवून दिले की घडले उलटेच. काम स्वस्त झाले म्हणून यंत्रे वाढली, आणि कोळसा पूर्वीपेक्षा अधिक जळू लागला. तेव्हापासून काटकसरीच्या प्रत्येक योजनेवर ही शंका घेतली जाते, आणि शंका खोटी नाही. एखाद्या धनवान माणसाने आपल्या जुन्या हवेलीच्या भिंती झाकून घेतल्या, बिल उतरले, आणि त्या आनंदात त्याने वर्षभर बंद असलेल्या सहा खोल्याही तापवायला सुरुवात केली, तर बचत तशीच नाहीशी होईल. वहीत त्या बाईची आणि या हवेलीची ओळ सारखीच दिसेल.

परंतु दोन्हींत जे अंतर आहे ते वहीला दिसत नाही म्हणून नाहीसे होत नाही. त्या बाईच्या गरजेला शेवट आहे. अठरा अंश झाले, वीस झाले, की तिला आणखी नको. ती शाल बाजूला ठेवील आणि विणायला घेईल. रिकाम्या खोल्या तापवणाऱ्याच्या हौसेला तसा शेवट नाही. तिच्या बाबतीत तर बचत बुडाली असे म्हणणेच मला चुकीचे वाटते. तिचे जे इतकी वर्षे देणे राहिले होते ते फिटू लागले, इतकेच. कर्जदाराने पहिला हप्ता भरला आणि शिल्लक वाढली नाही म्हणून हळहळला, तर आपण त्याला काय म्हणू?

येथे कोणी रास्त हरकत घेईल. जळणाऱ्या इंधनाचा धूर त्या बाईच्या धुराड्यापाशी थांबत नाही. त्याने तापलेल्या जगाची झळ पहिल्याने लागते ती समुद्रकाठच्या आणि कोरडवाहू मुलखातल्या गरिबांना, ज्यांचा या शेगडीशी संबंध नाही. तिच्या उबेची किंमत त्यांनी का द्यावी? ही हरकत मी टाळू इच्छित नाही, आणि तिचे पुरते उत्तर मला सापडलेले नाही. इतके मात्र म्हणता येईल की पृथ्वीचा भार हलका करायचा तर सुरुवात सहा रिकाम्या खोल्यांपासून व्हावी. दोन गरिबांना एकमेकांसमोर उभे करून हिशेब मागणे, आणि हवेलीवाल्याने तो बसून तपासणे, ही न्यायाची रीत नव्हे.

आता भिंत कोणाची, हे पाहू. आपल्या घराची डागडुजी करणारा स्वतःच त्याचे फळ भोगतो. भाड्याच्या घरात तसे नसते. भिंत मालकाची, आणि बिल भाडेकरूचे. माळ्यावर थर घालण्याचा खर्च मालकाने करावा आणि ऊब दुसऱ्याने घ्यावी, यात मालकाला लाभ दिसत नाही; भाडेकरूने खर्च करावा तर उद्या त्याला घर सोडावे लागेल. दोघेही आपापल्या परीने शहाणपणाने वागतात आणि घर थंडच राहते. यात कोणी खलपुरुष नाही, हीच अडचण आहे.

निर्गमाच्या बाविसाव्या अध्यायात गहाण ठेवलेल्या पांघरुणाचा नियम आहे (निर्गम २२:२६-२७). सावकाराने कर्जापोटी गरिबाचे पांघरूण घेतले असेल, तर सूर्य मावळण्यापूर्वी ते परत करावे. रात्री त्याने काय पांघरून निजावे? येथे सावकाराचे येणे खोटे ठरवलेले नाही. त्याचा हक्क दिवसभर अबाधित आहे. फक्त रात्रीची थंडी जेथे सुरू होते तेथे तो हक्क थांबतो. मालमत्तेविषयी इतके मोजके आणि इतके दयाळू वाक्य मला दुसऱ्या कोठल्या कायद्यात आढळले नाही. न्यूझीलंडने १ जुलै २०१९ पासून, जेथे करणे शक्य आहे तेथे, भाड्याच्या घरांच्या माळ्याला व तक्तपोशीला थर असणे मालकावर बंधनकारक केले. तो नियम लिहिणाऱ्यांनी निर्गम वाचले होते की नाही, कोण जाणे. ब्रिटनने २०१३ साली निराळी वाट धरली होती. घरदुरुस्तीसाठी कर्ज घ्या आणि विजेच्या बिलातून जी बचत होईल तिच्यातून फेडा, अशी ती योजना. जेमतेम चौदा हजार घरांनी तिचा लाभ घेतला, आणि २०१५ साली सरकारने तिचा पैसा थांबवला. बचतीचे गणित कागदावर बरोबर होते. लोकांनी मात्र त्यासाठी आपल्या भिंतीला हात लावू दिला नाही.

आता तो तिसरा डबा. ओली गोधडी ऊब देत नाही, आणि ओल्या भिंतीवर चढवलेला थरही देत नाही. छप्पर गळते आहे, पन्हळ फुटली आहे, पाया पाणी ओढतो आहे, अशा घराला आधी कोरडे केले पाहिजे. दुसरेही एक आहे. फटी बुजवल्या की वारा थांबतो, पण घरातल्या माणसांचा श्वास, चुलीवरची वाफ, घरात वाळत घातलेले कपडे यांचा दमटपणा बाहेर जायची वाटही बंद होते. मग ती वाफ सर्वांत थंड कोपरा शोधून तेथे पाणी होऊन बसते आणि काळी बुरशी धरते. म्हणून जाणता कारागीर फटी बुजवताना हवेसाठी एक वाट हिशेबाने राखून ठेवतो. उतावळ्याला ती आठवत नाही.

इंग्लंडमधील रॉचडेल येथे एका बापाने २०१७ सालापासून घरमालक संस्थेकडे बुरशीची तक्रार चालवली होती. त्याला वरून रंग लावायला सांगण्यात आले. त्या घरात जन्मलेला त्याचा अवाब नावाचा मुलगा २०२० च्या डिसेंबरात, दोन वर्षांचा असताना, श्वासाच्या विकाराने मरण पावला. घरातील बुरशीत सतत राहिल्यामुळे हे घडले, असा निर्णय मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने २०२२ साली दिला. त्या बालकाच्या नावाने तेथे कायदा झाला, आणि २७ ऑक्टोबर २०२५ पासून सामाजिक संस्थांच्या भाड्याच्या घरांना तो लागू झाला आहे. ओल आणि बुरशीची तक्रार आली की ठरलेल्या मुदतीत पाहणी करून दुरुस्ती करावी लागते.

हे वाचले आणि मी लेवीयचा चौदावा अध्याय उघडला. आपण शिक्षक लोक हा अध्याय बहुधा ओलांडून जातो. मुलांना काय सांगावे कळत नाही. घराच्या भिंतीवर हिरवट किंवा तांबूस चट्टे उठले, तर घरधन्याने याजकाकडे जाऊन सांगावे (लेवीय १४:३३-५७). याजक त्याला रंग लावायला सांगत नाही. तो स्वतः येतो. त्यापूर्वी घर रिकामे करायला लावतो, म्हणजे आतले सामानसुमान त्याबरोबर अशुद्ध ठरू नये. गरिबाच्या भांड्याकुंड्यांची एवढी काळजी! चट्टा भिंतीत खोल गेला आहे का, हे तो पाहतो. सात दिवस घर बंद ठेवतो आणि पुन्हा येतो. चट्टा पसरला असेल तर तेवढे दगड काढून, गिलावा खरवडून गावाबाहेर टाकायला सांगतो. नवे दगड, नवा गिलावा. आणि एवढे झाल्यावरही चट्टे पुन्हा दिसले तर तो आणखी एकदा येतो. अभिषेक झालेला माणूस भिंतीची ओल तपासायला त्याच घरी परत परत येतो, हे चित्र मी आजवर नीट पाहिलेच नव्हते.

काम झाल्यावर परत येऊन पाहणारा नसला म्हणजे काय होते, तेही इंग्लंडनेच दाखवले. सरकारी योजनांखाली ज्या घरांच्या भिंतींना बाहेरून थर चढवले होते, त्यांचा अहवाल तेथील राष्ट्रीय लेखापरीक्षकांनी २०२५ च्या ऑक्टोबरात दिला. शंभरांतील अठ्ठ्याण्णव घरांत दुरुस्ती करावी लागेल असे मोठे दोष निघाले. भिंतीच्या आत गेलेले काम कोणाला दिसत नाही. बाहेरून सगळ्या भिंती सारख्याच गुळगुळीत. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरची गोष्ट तर सर्वांना ठाऊक आहे. १९७४ साली बांधलेल्या त्या चोवीस मजली इमारतीला २०१६ पर्यंत नवे आच्छादन चढवले; ऊब राखणे हाही त्यामागील एक हेतू होता. १४ जून २०१७ च्या रात्री ते आच्छादनच पेटले आणि ७२ माणसे गेली. नवे घर बांधणाऱ्याने धाब्याला कठडा करावा, नाहीतर पडणाऱ्याचे रक्त त्या घरावर येईल, असे अनुवादात सांगितले आहे (अनुवाद २२:८). जुने घर नवे करणाऱ्याला तो नियम लागू नाही असे कोण म्हणेल?

हे सगळे दूरदेशीचे झाले. आपल्याकडे उलट संकट आहे. ऊब राखण्याऐवजी उष्णता अडवायची आहे. भौतिकशास्त्र मात्र तेच आणि छप्परही तेच. हैदराबादच्या बंधुभगिनींना ठाऊक असेल की तेलंगण सरकारने २०२३ साली थंड छपरांचे धोरण जाहीर केले. सरकारी व व्यापारी इमारतींना आणि सहाशे चौरस वारांहून मोठ्या जागेवरील घरांना ऊन परतवून लावणारे छप्पर करावयास सांगितले आहे. ज्याची जागा साठ वार आहे त्याला सक्ती नाही, हे ठीकच. पण मदतीची खरी गरज त्यालाच आहे. गच्चीवर पांढऱ्या चुन्याचा हात देणे आपल्या गवंड्यांना नवे नाही. बेळगाव-गोव्याकडे ज्या कौलांखाली आपण वाढलो, ती मंगळूरची कौले १८६५ सालापासून बासेल मिशनच्या कारखान्यात बनू लागली. म्हणजे छप्पर हा मिशनच्या सेवेचा विषय होताच.

त्या मिशनने अथवा दुसऱ्या कोणी बांधलेली जुनी आवारे आजही अनेक मंडळ्यांच्या ताब्यात आहेत. मध्यभागी साहेबांचा बंगला. दोन-दोन हात जाडीच्या भिंती, उंच छत, चारही बाजूंनी व्हरांडा. उन्हाळा कसा सोसावा याचे ज्ञान बांधणाऱ्यांना होते, यात शंका नाही. आवाराच्या टोकाला चौकीदाराची, बायबलबाईची, कोठे शाळेतल्या शिपायाची खोली, तिच्यावर मात्र पत्रा. आज साहेब गेले. मालक आपण आहोत, आणि पत्रा तेथेच आहे. मालमत्ता समितीच्या वार्षिक अहवालात बंगल्याच्या रंगकामाचा खर्च असतो, कुंपणाचा असतो. पत्र्याखाली छत घालण्याचा खर्च मी तरी क्वचितच वाचला आहे. पत्र्याखाली बांबूच्या तट्ट्यांचे छत, दोहोंमध्ये वीतभर मोकळी हवा, वरून पांढरा रंग, समोरासमोर दोन झरोके, एवढ्याने ती खोली निजण्याजोगी होते. भाडेकरूंची सभासदत्वाची वर्गणी नियमित येते की नाही, याची चर्चा त्याच सभेत होते, हे जाता जाता सांगतो.

माझी एक सूचना आहे. मे महिन्यातील समितीची सभा या वर्षी बंगल्याच्या व्हरांड्यात न भरवता दुपारी तीन वाजता त्या खोलीत भरवावी. दार उघडे ठेवायला हरकत नाही.